दोन बोटांनी अडलेलं टेबल

सई आणि अर्णव,

धाकट्या आजोबांच्या तेराव्यानंतर तुम्ही दोघं फोनवर दिसलात, तेव्हा सईने विचारलं, "आजी, ते दोघं आयुष्यभर नक्की कशावरून भांडत होते?" मी म्हटलं, हेलिकॉप्टरवरून. तुम्ही हसलात, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, हे कुणीतरी नीट सांगून ठेवायला हवं. तुमचे आजोबा सांगायला बसले तर फक्त स्वतःची बाजू सांगतील. म्हणजे उरले मी. आणि आजच लिहायला बसले, कारण काल पडवीत एक गोष्ट घडली. ती ताजी असतानाच कागदावर उतरलेली बरी.

एक अडचण आहे. धाकट्या आजोबांविषयी 'ते असे होते' असं मला अजून लिहवत नाही. म्हणून हे मी त्यांनाच लिहिते. तुम्ही शेजारी बसून ऐका.

भाऊजी,

मी लग्न होऊन निर्मळ गावच्या या घरात आले, तेव्हा तुमचे दादा सैन्यात होते आणि तुम्ही नुकतेच नौदलात लागला होतात. केळी आणि फुलं लावणाऱ्या घरातले दोन मुलगे, दोघंही हेलिकॉप्टरच्या देखभालीवर. उडवणारे दुसरे असत. ते उडण्याजोगं ठेवणं हे तुमचं काम. आई म्हणायच्या, "माझा एक नारळ डोंगरावर पडला, एक समुद्रात." त्यांना वाटायचं, दोघांचं काम एकच, मग सुट्टीत घरी आल्यावर बोलायला केवढा विषय असेल. विषय होता. आईंना अपेक्षित होता तसा नव्हता, इतकंच.

पहिल्याच सुट्टीत मला तुम्हा दोघांची परीक्षा घेण्याची पद्धत कळली. घरात नवी वस्तू आली की दादा ती एका हाताने उचलून बघायचे. खुर्ची असो, पितळी समई असो, माझी शाळेची पिशवी असो. "जड आहे," म्हणायचे, आणि त्यांच्या दृष्टीने वस्तू नापास. तुम्ही ती उचलायचा नाहीत. चारही बाजूंनी फिरून बघायचात आणि विचारायचात, "वहिनी, हे दुमडतं का?" समई दुमडत नाही म्हणून तुम्ही तिला नापास केलं होतं. आई चिडल्या होत्या.

दादा परत निघाले की आई त्यांच्या ट्रंकेत नारळ भरायच्या. दादा ते एकेक काढून बाहेर ठेवायचे. "आई, वर हवा विरळ असते. पात्यांना धरायला काही नसतं. खाली जेवढं ओझं उचलतं त्याच्या निम्मंही वर उचलत नाही. तिथं नारळसुद्धा शत्रू." तुम्ही निघताना नारळ घेऊन जायचात, पण घरी असताना अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर फिरवून आणलेली सायकल गोड्या पाण्याने धुवायचात. रोज. चाकाच्या तारा एकेक करून. खारं वारं लोखंडाला आतून खातं, वरून रंग चांगला दिसतो, हे मी तुमच्याकडून शिकले. पुढे वर्गात मुलांना सांगताना ते मी माणसांनाही लावायचे.

मग ती बातमी आली. आपल्याच देशात एक नवं हेलिकॉप्टर बनणार, आणि ते सैन्यालाही चालणार, नौदलालाही. तुम्ही कुठलंसं इंग्रजी मासिक घेऊन आलात आणि म्हणालात, "वहिनी, तुम्ही इंग्रजीच्या बाई. नीट वाचून सांगा, आम्ही दोघं आपापल्या सोयीचं वाचतो." मी वाचलं. त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, सुटेबल. मी म्हटलं, "हे यंत्र दोन्ही दलांसाठी योग्य आहे, असं लिहिलंय."

तुम्ही म्हणालात, "योग्य म्हणजे? कशाजोगं?"

"सगळ्याजोगं," दादा म्हणाले.

"सगळ्याजोगं असं काही नसतं दादा. खाण्याजोगं असतं, बसण्याजोगं असतं. नुसतं जोगं कुणी म्हणतं का? वहिनी, तुम्ही सांगा, नुसतं जोगं हा शब्द आहे का?"

मी विचार केला, आणि खरंच नव्हता. इंग्रजीतला तो शब्द एकटा ऐटीत उभा राहतो. आपल्या 'जोगं'ला आधी काहीतरी लागतंच, त्याशिवाय तो उभाच राहत नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत मी हे दर वर्षी वर्गात सांगितलं आणि दर वर्षी ते माझंच आहे असं मुलांना वाटू दिलं. ते तुमचं होतं, भाऊजी.

त्या दिवशी पडवीतल्या सतरंजीवर तुम्ही टोपाचं झाकण पालथं ठेवलंत आणि त्यावर माझे स्वयंपाकघरातले चार डाव फुलीसारखे मांडलेत. "ही चार पाती. आता हे मला जहाजाच्या कोठीत घालायचंय. कोठी आपल्या न्हाणीघरापेक्षा थोडी मोठी समजा. काय करणार?" मी तीन डाव फिरवून चौथ्याच्या शेजारी आणले. "शाब्बास," तुम्ही म्हणालात. "पण या नव्या मशीनमध्ये पाती ज्या तुंब्याला जोडली आहेत, तो एकसंध आणि ताठ आहे. त्यात खास वेगळी सोय केल्याशिवाय पाती अशी फिरत नाहीत. आणि ओढूनताणून दुमडली तरी अंगाने ते रुंदच राहतं. दुमडायचं असेल तर ते आधी ठरवावं लागतं. उभं राहिल्यावर दुमडायला गेलं की मोडतं."

दादा म्हणाले, "आणि तो ताठ तुंबा आहे म्हणूनच ते मशीन डोंगराच्या वाऱ्यात ऐकतं. तुझ्या बिजागऱ्या, तुझे पाण्यावर तरंगायचे फुगे, तुझी जाडजूड चाकं, हे सगळं घेऊन मी वर गेलो, तर एक जखमी माणूस बर्फात ठेवून यावं लागेल. मला खाली दोन पट्ट्या पुरतात, उतरलो की बसलो."

"मला पट्ट्या नाही चालत. ढकलून आत न्यायचं असतं. शिवाय तुझा डोंगर जागेवर असतो. माझी जमीन वर येते आणि खाली जाते."

"म्हणून दोघांना एकच असावं. सुटे भाग एक, शिकवणं एक, हत्यारं एक. अडचणीच्या वेळी माझा भाग तुला लागू पडेल."

"पडेल ना. मशीन जहाजात शिरलं तर."

"मग जहाजाची कोठी मोठी करा."

"मशीनसाठी कुणी जहाज कापतं का?"

तुमचं हे वाक्य मी पुढे किती वेळा ऐकलं, ते मोजायला गेले नाही. मासळी घेऊन येणारी काशी तुम्ही दोघं घरी असलात की पायरीवर टोपली ठेवून ऐकत बसायची. "कवा संपनार तुमचं भांडन?" ती विचारायची. "बोंबील वास मारायला लागलं." मग तीच मला हळूच विचारायची, "बाय, त्ये इमान हाय कुनाचं, दोघांच्या बापाचं?"

मुलांनो, तुम्हाला एक गोष्ट ठाऊक नाही. धाकट्या आजोबांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वाकडी होती, हे तुम्ही पाहिलंय. लहानपणी तुम्ही ती सरळ करायचा खेळ खेळायचात. भाऊजी, तुम्ही आईंना सांगितलं होतं, जहाजाच्या दारात सापडली. आई शेवटपर्यंत त्या दाराला शिव्या देत राहिल्या. खरं मला आणि दादांना माहीत होतं. जुन्या कुठल्याशा हेलिकॉप्टरचं पातं वाऱ्यात हाताने दुमडत होतात. डेक कलला, पातं फिरलं, आणि खिट्टीत तुमची बोटं राहिली. पातं दुमडायला चार माणसं लागत होती. ती घडी कागदावर होती. चालत्या जहाजाजोगी नव्हती.

हे दादांना माहीत असल्यामुळे एक गंमत व्हायची. गंमत म्हणावी की काय, ते मला अजून ठरवता येत नाही. वाद कितीही तापला, तरी तुमचा डावा हात समोर आला की दादा वाक्य अर्धं सोडून पाणी प्यायला उठायचे. हे तुमच्या लक्षात आलं होतं. म्हणून तुम्ही तो हात कायम मांडीवर ठेवून भांडायचात. एका हाताने डाव मांडायचात, एका हाताने जेवायचात, एका हाताने मासिकाची पानं उलटायचात. तो वर आणला असता तर तुम्ही रोज जिंकला असतात. तुम्हाला जिंकायचं नव्हतं, भाऊजी, तुम्हाला भांडायचं होतं. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आत्ता दाखवते.

दोघंही निवृत्त होऊन घरी आलात. तुम्ही लग्न केलं नव्हतंत. मागची खोली तुमचीच होती, ती तुम्ही रंगवून घेतलीत. वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी मी दर वर्षी घालायचे, आणि दर वर्षी तीच कसरत. सकाळी सोललेली केळी अंगणात उन्हात मांडायची, संध्याकाळी दव पडायच्या आत सगळं उचलून घरात आणायचं. त्या वर्षी वाडीतला एक जुना फणस पडला होता. तुम्ही म्हणालात, "वहिनी, या लाकडाचं एक टेबल करू. दिवसा अंगणात सुकेळीला, संध्याकाळी आत जेवायला."

"एकच टेबल, दोन कामं," दादा म्हणाले. त्यांचा चेहरा असा खुलला होता, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पडवीतच काम सुरू झालं. दादांनी वजन नको म्हणून रंधा मारमारून फळ्या पातळ केल्या. फळ्या पातळ झाल्या म्हणून खाली आधाराला लोखंडी कोन बसवले. तुम्ही दोन्ही बाजूंच्या फळ्या दुमडून खाली पडतील अशा बिजागऱ्या लावल्यात, आणि अंगण उंचसखल म्हणून टेबल हलू नये यासाठी पाय बाहेर फाकवलेत. मधल्या फळीचं माप आतल्या दाराशी दोघांनी दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा मी घेतलं, ते मुळीच चुकलेलं नव्हतं.

टेबल तयार झालं. देखणं झालं. अंगणात नेलं, सुकेळी मांडली, खाली माती वरखाली होती तरी तसूभर हललं नाही. संध्याकाळी दादांनी एका बाजूने उचललं, तुम्ही दुसऱ्या. फळ्या दुमडल्या. दाराशी आलात आणि थांबलात. फळ्या खाली लोंबल्या होत्या खऱ्या, पण त्यांच्या मागे दादांचे लोखंडी कोन होते. ते कुणी मापात धरले नव्हते. टेबल आडवं केलं, तर तुमचे फाकवलेले पाय अडले. पुन्हा सरळ केलं. दुमडलेलं टेबल दाराहून किती जास्त भरतंय, ते बघायला तुम्ही फरक मोजलात, आणि मोजताना नकळत डावा हात वापरलात. दोन बोटं. तुमची वाकडी दोन बोटं.

मी म्हटलं, "हे टेबल अंगणाजोगं झालंय. घराजोगं नाही झालं."

आधी तुम्ही हसलात. मग दादा. टेबल उंबऱ्यापाशी टेकवून तुम्ही दोघं पायरीवर बसलात आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. दोन माणसं, आयुष्यभर हेलिकॉप्टरं दुरुस्त केलेली, नेमकी त्याच फटीत अडकली होती, जिच्यावरून इतकी वर्षं भांडत होती. काशी दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आता इमान घरातच बांधलं काय?"

हसून झाल्यावर तुम्ही डोळे पुसलेत आणि म्हणालात, "टेबल कापू. कोन काढून आतल्या बाजूला लाकडी पट्टी लावू."

दादा म्हणाले, "छे. पट्टीवर फळी तोलणार नाही. टेबल बरोबर आहे. दाराची चौकट दोन बोटं छाटू."

"आपल्या वडिलांनी, नानांनी बसवलेली सागाची चौकट?"

"दोन बोटंच तर आहेत."

"मशीनसाठी कुणी जहाज कापतं का?"

झालं. टेबल पडवीतच राहिलं. टेबल पडवीत म्हणून जेवण पडवीत आलं. जेवण पडवीत म्हणून रस्त्यावरून जाणारं कुणीही दोन घास घेऊन जाऊ लागलं. स्कूटरवर फुलांच्या करंड्या बांधून विरारला निघालेली माणसं चहाला थांबू लागली. नंदाखालहून कुणी केळीची रोपं मागायला आला, की त्याच टेबलाशी बसून दोन्ही बाजूंचं ऐकून जायचा, आणि पुढच्या खेपेला स्वतःचं मत घेऊन यायचा. अर्ध्या गावाला जहाजाच्या कोठीची रुंदी पाठ झाली असेल. सई, तू पहिलं अक्षर त्या टेबलावर काढलंस. अर्णव, तू त्याच्याखाली झोपायचास, फळ्या दुमडल्या की तुझं घर व्हायचं. टेबल आत गेलं असतं, तर आम्ही तिघं म्हातारी माणसं आत बसून गुपचूप जेवलो असतो. त्या दोन बोटांनी आम्हाला उघड्यावर बसवलं, आणि मला वाटतं, आमच्या आयुष्यात ते सगळ्यात चांगलं झालं.

मध्यंतरी बोळिंजच्या एका इमारतीत घर घ्यावं असं आमच्या मुलांनी सुचवलं होतं. लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. आम्ही तिघं बघून आलो. घर छान होतं. दादांनी लिफ्टच्या दाराकडे पाहिलं, तुम्हीही पाहिलंत. "टेबल जाणार नाही," दोघं एकदम म्हणालात. तेवढ्या एका गोष्टीवर तुमचं एकमत मी ऐकलं.

मग तुमचं आजारपण. विरारच्या दवाखान्यात तुम्ही चिडचिड न करता पडून होतात. पलंग मात्र दुमडतो, हे तुम्ही पहिल्याच दिवशी शोधून काढलंत आणि नर्सला दाखवलंत. एका दुपारी दादा औषधं आणायला खाली गेले होते. तुम्ही डावा हात चादरीवर ठेवला होता, उघडा. म्हणालात, "वहिनी, दादाला सांगा, दार काप."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "टेबल?"

"दार. दोन बोटंच तर आहेत."

त्यानंतर तुम्ही पाणी मागितलंत, उशी सरकवून मागितलीत. दुसरं काही बोलला नाहीत.

मी हे दादांना लगेच सांगितलं नाही. तेराव्यापर्यंत नाही, तेरावं झाल्यावरही नाही. मला वाटायचं, आपण वाद जिंकलो हे कळलं तर ते कुणाशी बोलणार? तुम्ही गेल्यापासून तसेही ते बोलत नव्हते. टेबलाशी बसायचे, जेवायचे, ताट उचलून आत न्यायचे. काशीची सून आता मासळी घेऊन येते. ती पायरीवर थांबली आणि कुणी भांडेना, म्हणून लवकर निघून गेली.

काल सकाळी मी पूजा आटोपून बाहेर आले, तर दादा टेबलाखाली बसलेले. शेजारी करवत, आणि एका कोनाचे स्क्रू काढून वाटीत ठेवलेले.

"काय करताय?"

"टेबल कापतोय. सुधा म्हणत होता तसं. इतकी वर्षं ऐकलं नाही, आता ऐकतो." तुम्हाला सुधा म्हणणारे आता तेवढेच उरलेत, भाऊजी.

मला कळलं, आता सांगायलाच हवं. करवत एकदा फिरली की ते लाकूड परत येणार नव्हतं. मी खुर्चीवर बसले आणि तुमचा निरोप सांगितला, जसाच्या तसा.

ते बाहेर आले. करवत मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "दार काप म्हणाला?"

"हो."

"गुंगीत असेल."

"नव्हते. दोन बोटंच तर आहेत, असंही म्हणाले."

"काय अक्कल आहे." त्यांचा आवाज जरा चढला, आणि तुम्ही गेल्यापासून तो पहिल्यांदाच चढला. "नानांची चौकट कापायची? टेबलासाठी? अगं, मशीनसाठी कुणी जहाज कापतं का?"

"हे भाऊजींचं वाक्य आहे."

"त्याचंच आहे. बरोबर आहे म्हणून म्हणतोय."

"मग कापा टेबल."

"कापलं असतं. पण आता त्यानेच दार म्हटलंय ना? त्याची बाजू त्यानेच सोडली. ती कुणीतरी धरायला नको?" ते उठले, गुडघा धरून. "बघ, जाता जाता बाजू बदलून गेला. आता मी नाही म्हणायचं आणि त्याने ऐकायचं नाही. टेबल कापलं तर हे संपेल, आणि हे संपायचं नाही."

त्यांनी वाटीतले स्क्रू घेतले आणि पुन्हा बसवायला लागले. एक स्क्रू घरंगळला, तो मी शोधून दिला. कोन पक्का झाल्यावर त्यांनी बिजागऱ्यांना तेल घातलं आणि फळ्या दोनदा दुमडून पाहिल्या. दुपारी जेवताना मला म्हणाले, "खरं सांगू, पाय त्याने चांगले बसवलेत. थोडे जड आहेत." मग थोड्या वेळाने, मान वर न करता, "जड आहेत म्हणूनच हलत नाहीत, हेही आहे."

हे तुम्ही ऐकायला हवं होतंत, भाऊजी. ते तुम्हाला हयातीत म्हणाले नसते, आणि म्हणाले असते तरी तुम्ही दुसरी बाजू घेतली असतीत. कालपासून त्यांचं थोडं बोलणं सुरू झालंय. समोरच्या रिकाम्या खुर्चीशी नाही, माझ्याशीच. मला जहाजाची बाजू मांडायला लावतात. मी इंग्रजीची शिक्षिका, मला त्यातलं किती कळणार. पण तुमची वाक्यं पाठ आहेत, तेवढ्यावर निभावतेय. हात मात्र मी दोन्ही वर ठेवते.

मुलांनो, याल तेव्हा पडवीतच जेवायचं आहे. टेबल तिथेच आहे. दाराची चौकट शाबूत आहे. मध्ये दोन बोटं अजून जास्त आहेत.